बाह्य ड्राइव्हवरील लिनक्स

संगणकातील मूळ डिस्क जशीच्या तशी ठेवून यूएसबीने जोडलेल्या एसएसडी, हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्हवर केलेले लिनक्सचे संपूर्ण इन्स्टॉलेशन. ‘लाइव्ह यूएसबी’शी त्याची नेहमी गल्लत होते. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने (२०००) लोकप्रिय केलेल्या लाइव्ह पद्धतीत सारी प्रणाली एका कॉम्प्रेस केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीतून चालते. केलेले बदल टिकवायला वेगळी सोय लागते. बाह्य ड्राइव्हवर मात्र कर्नलसकट सगळे नेहमीसारखे अपडेट होते.

खरी मेख बूटलोडरची. यूईएफआय संगणक बूटच्या नोंदी मदरबोर्डवरच्या स्मृतीत ठेवतो. ड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावला की ती नोंद तिथे नसते. मग फर्मवेअर ड्राइव्हवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये एका ठरावीक नावाची फाइल शोधते. लिनक्सचा बूटलोडर ग्रब बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला, तर तो नेमका त्याच जागी जातो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची खोड प्रसिद्ध आहे: बूटलोडरसाठी बाह्य ड्राइव्ह निवडला तरी तो गुपचूप आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर लिहीत असे. परिणाम असा, की ड्राइव्ह काढल्यावर विंडोजऐवजी ग्रबची काळी पाटी समोर येई. म्हणून जाणकार इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क सरळ काढून ठेवतात.

एका यंत्रावर ‘एसडीए’ असलेला ड्राइव्ह दुसऱ्यावर ‘एसडीबी’ होतो. त्यामुळे पार्टिशनची ओळख यूयूआयडी या न बदलणाऱ्या क्रमांकाने ठेवतात. सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्येही एकाच यंत्रापुरते ड्रायव्हर असून भागत नाही. लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियन बहुतेक ड्रायव्हर आपणहून भरतो. आर्चमध्ये मात्र ‘ऑटोडिटेक्ट’ने केलेली काटछाट टाळावी लागते.

यूएसबी २.०चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, ३.०चा ५ गिगाबिट. पण साध्या पेनड्राइव्हला बारीकसारीक विखुरलेली लिखाणे झेपत नाहीत. ब्राउझर उघडला की तो अडखळतो आणि झिजतोही लवकर. एसएसडीला पर्याय नाही. ड्राइव्ह हरवण्याचा धोका असल्याने लक्स एन्क्रिप्शनही हवेच.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ८च्या एंटरप्राइझ आवृत्तीत अशीच ‘विंडोज टू गो’ सोय दिली होती. २०२०मध्ये ती बंद झाली.

आलटूनपालटून विंडोज वापरणाऱ्यांना घड्याळही चकवते. लिनक्स संगणकाच्या घड्याळात सहसा यूटीसी वेळ ठेवतो, विंडोज तीच स्थानिक धरते. भारतात विंडोज मग साडेपाच तास मागे दिसते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले, की हा घोळ मिटतो.