'लूट' : इंग्रजीने भारतातून नेलेला शब्द

१/ लुटालुटीसाठी इंग्रजीत 'प्लंडर' हा शब्द रूढ होता. सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, तो जर्मनमधून आला. 'लूट' मात्र भारतातून गेला. मूळ संस्कृत 'लुण्ट्' हा धातू. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत तो 'लूट' म्हणून नांदतो.

२/ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या इंग्रजांनी तो उचलला. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात 'लूट' आहे, 'लूटी' म्हणजे लुटारूही आहे. हे नाव बहुधा शत्रूकडील स्वारांना मिळे.

३/ मग कंपनीचे सैन्य संपत्ती नेई, तिला काय म्हणत? 'प्राइझ'. त्यासाठी प्राइझ एजंट नेमले जात. ते मोजदाद करत, लिलाव मांडत आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पाडत.

४/ ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. सैनिकांनी रात्रभर शहर लुटले. तेव्हा आर्थर वेलस्लीने काहींना फासावर चढवून शिस्त बसवली. टिपूचे सिंहासन मात्र वाटणीसाठी रीतसर फोडण्यात आले. सैनिकाने स्वतःसाठी उचलले तर गुन्हा, समितीने वाटले तर हक्क!

५/ महाराष्ट्रालाही हा अनुभव आहे. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली. तेव्हा हाती आलेल्या संपत्तीला इंग्रजी दप्तरात 'डेक्कन प्राइझ' हे नाव मिळाले आणि तिच्या वाटणीचा वाद लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालला.

६/ १८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर प्राइझ एजंटांनी घराघरांतून दडवलेले धन शोधले. याच सुमारास 'लूट' हा शब्द इंग्लंडमधील सामान्य वाचकांच्याही परिचयाचा झाला.

७/ १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. पुढे लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने तो जाळण्यात आला. तेथे सापडलेले एक लहानसे कुत्रे राणी व्हिक्टोरियाला नजर करण्यात आले. त्याचे नाव ठेवले 'लूटी'. शत्रूला हिणवण्यासाठी वापरलेला शब्द राजवाड्यात लाडाचा झाला.

८/ शब्दाचा हा प्रवास साधने वाचण्याची एक रीत शिकवतो. 'लूट', 'खंडणी', 'प्राइझ', 'नजराणा' यांपैकी कोणताही शब्द दिसला, की आधी पाहावे : लेखणी कोणाच्या हातात आहे? सुरतेच्या १६६४ च्या स्वारीला मराठी 'लूट'च म्हणते, आडपडदा ठेवत नाही. श्रीरंगपट्टणच्या हिशेबाच्या वह्यांत तो प्रांजळपणा शोधून पाहावा.