हवापालट

मागच्या शनिवारी सकाळी साडेसातलाच गाडी काढली. आठवडाभर हापिसात जागरणं झालेली, पण हे काम टाळून टाळून दोन महिने झाले होते. बरोबर बाबा आणि दादा (माझा चुलतभाऊ). निघालो मावळात, आत्यासाठी जागा बघायला. जागा म्हणजे प्लॉट नव्हे हो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणारं निवासी केंद्र.

आत्याचं वय ७८. लग्न केलं नाही, दादरच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि आम्हा भावंडांना पाढे पाठ करायला लावले. आता ती आमच्याकडे पुण्यात असते. गॅस चालू राहतो, नळ चालू राहतो, आणि रात्री दोन वाजता ती साडी नेसून शाळेत जायला तयार होऊन बसते. आई-बाबा स्वतः सत्तरीच्या पुढचे. दोघंही थकलेत. पण "आत्याला कुठेतरी ठेवू या" हे वाक्य घरात कुणाच्याच तोंडून निघेना. शेवटी काकांनी कोंडी फोडली. म्हणाले, "लोणावळ्याच्या बाजूला बघा. हवा चांगली आहे."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मलासुद्धा. एक्स्प्रेसवेला लागल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला - हवा? स्मरणशक्तीचा आणि हवेचा काय संबंध? हे आपल्या डोक्यात आलं कुठून? रविवार त्याच शोधात गेला. तर आजचा लेख या हवेबद्दल.

सुरुवात घाटापासून करू. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबई थेट पुण्याला जोडली गेली. खंडाळा-लोणावळा आता मुंबईपासून काही तासांवर आलं. मग ज्यांना परवडत होतं त्यांनी बंगले बांधले, आणि पारशी, गुजराती वगैरे समाजांनी आपापल्या लोकांसाठी 'सॅनिटोरियम' बांधली. नाव दवाखान्याचं, पण बहुतेक ठिकाणी दोन खोल्या आणि एक व्हरांडा भाड्याने मिळायचा. आजारातून उठलेला माणूस, बाळंतीण, अशक्त मूल, यांना घेऊन कुटुंबं महिनाभर राहायला यायची. याला आपल्याकडे छान शब्द आहे, हवापालट. आत्याच दर मे महिन्यात आम्हाला लोणावळ्याला न्यायची, आणि पहिल्या दिवशी स्टेशनावर उतरून मोठ्ठा श्वास घ्यायला लावायची.

ही निव्वळ अंधश्रद्धा होती असं मात्र समजू नका. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, पण त्याला मारणारं औषध पुढची साठेक वर्षं नव्हतं. मग हातात काय होतं? स्वच्छ हवा, विश्रांती आणि चांगलं अन्न. युरोपात १८५० च्या दशकापासून डोंगरातली सॅनिटोरियम सुरू झाली. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली 'बेल-एअर' काढलं. औषध नसताना हवा हेच औषध होतं. तिथून आपल्या मनात जे समीकरण बसलं - आजारी माणूस + डोंगर = चांगली सोय - ते काही अजून हललेलं नाही.

आता गंमत बघा. हे समीकरण तपासलं गेलं, आणि तेही भारतातच. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचा अभ्यास करणारं केंद्र सुरू झालं. तोवर औषधं आली होती. प्रश्न असा होता की रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवायलाच हवं का? शहरातल्या गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपल्या घरी, आणि औषधं दोघांना सारखीच, वर्षभर. घरच्या गटाची परिस्थिती वाईट होती. लहानशी खोली, जेवण बेताचं, विश्रांती जवळजवळ नाहीच. १९५९ साली निष्कर्ष छापून आला : दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. घरच्यांना जास्त लागण होते असंही दिसलं नाही.

म्हणजे बरं करत होतं ते औषध, आणि ते रोज पोटात जातंय की नाही याची काळजी. त्यासाठी केंद्राची माणसं घरी अचानक जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. (अचानक हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) यानंतर हळूहळू जगभरच क्षयाच्या सॅनिटोरियमचं महत्त्व ओसरलं.

'पण लोणावळ्याच्या हवेत काहीतरी आहेच' असं म्हणणाऱ्यांसाठी लोणावळ्याचंच एक उदाहरण. स्वामी कुवलयानंदांनी (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे) १९२४ साली इथे कैवल्यधाम सुरू केलं. योगाने बरं वाटतं हे सांगणारे पुष्कळ होते. या माणसाने प्रयोगशाळा उभारली, क्ष-किरण वापरले, शरीरातले दाब मोजले आणि ते छापायला त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. म्हणजे मोजून बघण्याची परंपराही इथलीच आहे. मग आत्यासाठी जागा बघताना मोजायचं काय?

त्यासाठी थोडं फ्रँकफुर्टला जाऊ. नोव्हेंबर १९०१ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. ती १९०६ साली गेली, त्याच वर्षी अल्झायमरांनी तिची केस डॉक्टरांपुढे मांडली आणि पुढे त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. तिची फाईल मात्र हरवली होती, ती थेट १९९५ साली सापडली. त्यात एक बारीकशी नोंद आहे. ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत होती. काय खातेस, असं विचारल्यावर तिने सांगितलं, पालक. मी ही नोंद वाचून थांबलो. कारण ती लिहायला डॉक्टर तिच्या जेवणाच्या वेळी तिच्याजवळ असायला लागतो.

क्षयावर औषध आलं. डिमेन्शिया बरा करणारं औषध आजही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे दर शंभरात सातांहून थोडे जास्त. त्यांच्यासाठी मद्रासच्या गोळीची जागा घेतं ते जवळचं माणूस. भरवणारं, धुणारं, रात्री दोनला "आज शाळेला सुट्टी आहे" असं न चिडता सांगणारं. तेव्हा मोजायचं ते हे.

आणि ते मोजता येतं. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १९५८-५९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली १७३ वृद्धगृहं पाहिली आणि १९६२ साली 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक लिहिलं. त्याने नुसत्या इमारतीला मार्क दिले नाहीत. नोकर किती, माणसांना दिवसभर करायला काय आहे, उठण्या-झोपण्याचं स्वातंत्र्य किती, बाहेरच्यांशी संबंध किती, हेही मोजलं. पुढे ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांनी खास डिमेन्शियासाठी एक पद्धत बसवली. निरीक्षक दिवाणखान्यात काही तास गप्प बसतो आणि दर पाच मिनिटांनी नोंद करतो : हा माणूस आत्ता काय करतोय, आणि त्याच्याशी कोण कसं वागतंय.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चटकन कळावं. डेमो वेगळा आणि प्रोडक्शन वेगळं. डेमो सगळ्यांचाच चालतो. लॉग बघायचे असतात.

यात दोन धोके इतिहासाने फार महाग शिकवलेत. पहिला, बांधून ठेवणं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने, निव्वळ नोकरांच्या सोयीसाठी बांधलं जाऊ नये, हा रहिवाशाचा हक्क ठरला. आपल्याकडे तमिळनाडूत एर्वाडीला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळूच शकली नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला पूर्ण बंदी आहे. दुसरा धोका दिसत नाही, तो म्हणजे गोळीने बांधणं. मनोविकारांवरची काही औषधं डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना 'शांत' ठेवायला सर्रास दिली जात. त्यांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. कधीकधी ती लागतातही, पण कुणी लिहून दिली, कशासाठी आणि कधी बंद करणार, हे विचारलंच पाहिजे.

आणि हो, २०१७ च्या त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती बिघडण्याचाही उल्लेख आहे. त्यामुळे 'रजिस्टर्ड आहे हो' एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या कायद्याखाली, ते विचारा. ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि मानसिक आरोग्य आस्थापनेची वेगळी.

आता आमचा शनिवार. पहिली जागा लोणावळ्याजवळ. समोर दरी, खाली ढग. बाबा तर पाच मिनिटं कठड्याशीच उभे. आत अकरा वाजता दहा-बारा माणसं टीव्हीसमोर ओळीने बसलेली. टीव्हीकडे कुणीच बघत नव्हतं. रात्री कोण असतं, असं दादाने विचारलं. "रात्री काही त्रास नसतो, सगळे शांत झोपतात," असं उत्तर आलं. सगळे? आमची एकटी आत्या आख्खं घर जागं ठेवते! भेटायचं तर फोन करून, रविवारी अकरा ते एक. पावसाळ्यातल्या रविवारी अकराला लोणावळ्यात गाडी पोचवून दाखवा.

दुसरी जागा तळेगावच्या बाजूला, एका गल्लीत. व्ह्यू म्हणजे शेजारच्यांची वाळत घातलेली धुणी. फरशी जुनी, पण न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायला दांडे. एक आजी टेबलाशी बसून मटार सोलत होत्या, निम्मे तोंडात टाकत होत्या. त्यांनी "माझा मुलगा आला का गं?" असं आमच्यासमोर तीन वेळा विचारलं. तिथल्या ताईंनी तिन्ही वेळा हातातलं काम थांबवून, तितक्याच शांतपणे उत्तर दिलं. भिंतीला दोरीने एक वही टांगलेली - कोण किती जेवलं, किती झोपलं, कोण पडलं. "पडतात का?" मी विचारलं. "पडतात ना. या महिन्यात दोघं पडले." वही उघडून दाखवली. आधी सांगता आलो तर चालेल का? "या की. जेवायच्या वेळी आलात तर तुम्हीच भरवा."

सगळं छान होतं असं नाही. रात्री वीस जणांमागे दोनच माणसं आहेत, ते मला कमी वाटतं. पण लोकलने येता येतं, आणि तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. सोमाटण्याच्या टोलनाक्यापाशी म्हणाले, "ती दरी आपल्यासाठी होती रे. आपल्याला बरं वाटावं म्हणून." मी काही बोललो नाही. मलाही पहिलीच जागा आवडली होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी संध्याकाळी आत्याजवळ बसलो होतो. म्हटलं, आत्या, लोणावळ्याकडे जायचं का थोडे दिवस? हवापालटाला? तिने माझ्याकडे नीट बघितलं, शाळेतल्यासारखं, आणि विचारलं, "का? कोण आजारी आहे?"

बुधवारी अर्धी रजा टाकली आहे. न सांगता, बरोबर जेवायच्या वेळी जाऊन बसणार आहे. बघू काय दिसतं ते. अजून काय विचारावं हे कुणाला अनुभवाने माहीत असेल, तर जरूर सांगा.