जोडणाऱ्याचा हात

घरातले घड्याळ उघडून पाहिले नाही असा मुलगा विरळाच. उघडताना मोठा उत्साह असतो. जोडताना मात्र एखादे चाक आणि दोन स्क्रू उरतातच. मोडणे सोपे, जोडणे अवघड, हा धडा माणूस शाळेत जाण्यापूर्वीच शिकतो. पण जोडण्यालाही इतिहास असतो, आणि तो मला घड्याळात न सापडता पिस्तुलात सापडला, असे म्हटले तर फराळाच्या ताटाशी बसलेले वाचक दचकतील. त्यांनी दचकू नये. खंडेनवमीला शस्त्रे पुसून-पुजूनच आपण दिवाळीकडे वळतो.

पिस्तूल साफ करतात ते हौसेखातर नव्हे. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळली की नळीत काळा थर बसतो, तो हवेतली ओल ओढून घेतो आणि लोखंडाला गंज चढतो. म्हणून नळी पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेलाचा हात फिरवायचा. खटक्यात घाण शिरली असेल तर घोडा, चाप, कमान सारे सुटे करायचे. आणि मग ते पुन्हा जागच्या जागी बसवायचे. खरी परीक्षा इथे.

अठराव्या शतकात कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी मिळता करी. एकाच हाताची दोन पिस्तुले जुळ्या भावांसारखी दिसत. पण एकाचा घोडा दुसऱ्याला बसत नसे. दोन्ही एकदम सुटी केली आणि भाग मिसळले की संपलेच! लढाईत एखादी कमान तुटली, तर नवी घासून बसवणारा कारागीर गाठावा लागे. हत्यार सैनिकाचे खरे, पण त्याची किल्ली कारागिराच्या हाती.

१७८५ साली टॉमस जेफरसन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला होते. तिथे ऑनोरे ब्लां नावाच्या कारागिराने पन्नास खटके सुटे करून त्यांचे भाग खणाखणांतून मांडून त्यांच्यापुढे ठेवले. जेफरसन यांनी हाताला येईल तो तुकडा उचलून काही खटके स्वतः जोडले, आणि ते नेमके बसले! हा गृहस्थ काही बंदूक घडवणारा नव्हता. वकिली आणि राजकारण हा त्याचा व्यवसाय. मौज आहे ती हीच.

कित्येक पुस्तकांत या कल्पनेचे श्रेय अमेरिकेच्या इलाय व्हिटनीला दिलेले आढळते. त्याने १७९८ साली दोन वर्षांत दहा हजार बंदुका देण्याचा करार केला आणि १८०१ साली वॉशिंग्टनला बड्या मंडळींपुढे खटके जोडून दाखवले. बंदुका मात्र पुऱ्या झाल्या १८०९ साली. पुढे अभ्यासकांनी उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीला बसेनात. सभेत जोडून दाखवणे निराळे आणि कारखान्यात घडवणे निराळे.

घडवण्याची वाट काढली ती कमी गाजलेल्या माणसांनी. १८१३ साली सिमिऑन नॉर्थने वीस हजार पिस्तुलांचा करार केला. त्यात अट होती की कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग इतर कोणत्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेत जॉन हॉलने घडवलेल्या शंभर रायफली तपासनिसांनी सुट्या केल्या, भाग मिसळले आणि पुन्हा जोडले. त्या जुळल्या. हे यश मंत्राचे नव्हे, मापाचे. प्रत्येक भागासाठी ठरलेले माप केले आणि भाग त्याला लावून पाहिला.

१९११ साली अमेरिकन सैन्याने जॉन ब्राउनिंगचे पिस्तूल स्वीकारले. नेहमीच्या सफाईपुरते ते हत्यारांवाचून उघडते. जोडताना नळीखालच्या झुलत्या कडीचे भोक सांगाड्याच्या भोकाशी जुळले, तरच आडवी खीळ पलीकडे जाते. आमच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांना मी या जोडणीविषयी विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, अंगठ्याखालची स्प्रिंग सुटली की टोपण थेट छपराला! तुकडा उरता कामा नये आणि हरवताही कामा नये. पोरांना हे शिकवायला आमचे बरेच दिवस जात.”

पोरांना! हा शब्द माझ्या मनातून जाईना. कारागिराच्या बोटांतले ज्ञान मापात उतरले, म्हणून हत्यार कोणालाही जोडता येऊ लागले. आणि म्हणूनच लाखो पोरांच्या हाती लाखो हत्यारे देता आली. विसाव्या शतकातल्या महायुद्धांचे मूळ या मापात नाही. पण त्यांचा अफाट पसारा त्यावाचून शक्य नव्हता. कानशीवर आयुष्य काढलेला कारागीरही त्यातच मागे पडला.

तरी हिशेबाची दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी रायफलींच्या एका जुन्या कारखान्यात पुढे शिवणयंत्रे होऊ लागली, आणि १८७८ साली तिथेच सायकलीही बनू लागल्या. तेच माप, तीच यंत्रविद्या. शिवणयंत्राची बॉबिन-केस बिघडली की आपण बाजारातून नवी आणतो आणि ती ‘खट्’ करून बसते. तिने घरच्या दिवाळीचे कपडे शिवले जातात. माप दोन्हीकडे सारखेच इमानी. काय जोडायचे, ते मात्र जोडणाऱ्या हाताने ठरवायचे असते.