डेमेराराचे ‘बंड’ (पृष्ठावरील उल्लेखावर संपादकीय तळटीप)

डेमेरारा ही दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरची ब्रिटिश वसाहत. आज ती गयाना देशात मोडते. तपकिरी साखरेच्या पुड्यावर हे नाव अजून झळकते. लेखक ज्याला ओझरते ‘बंड’ म्हणतात, ते याच साखरेच्या मळ्यांत १८ ऑगस्ट १८२३ रोजी पेटले.

शेतात चाबूक नको, बायकांना फटके नकोत, अशा सूचना लंडनहून आल्या होत्या. गव्हर्नर मरे यांनी त्या जाहीर करण्यात चालढकल केली. मग गुलामांत कुजबुज सुरू झाली : राजाने सुटका दिली, मालकांनी ती दाबून ठेवली!

पुढारी होता ‘सक्सेस’ मळ्यावरचा जॅक ग्लॅडस्टन. आडनाव मालकाचे, हा मालक जॉन ग्लॅडस्टन म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या विल्यम यांचे वडील. जॅकचे वडील क्वामिना हे सुतार. रक्तपात नको, हा त्यांचा आग्रह. तो बराचसा पाळला गेला. दहा हजारांवर गुलाम उठले, पण त्यांनी गोऱ्यांना बहुधा खोड्यात अडकवले. तेच खोडे, ज्यांत एरवी त्यांचे स्वतःचे पाय असत. मारले गेलेले गोरे मोजके, गुलाम मात्र शेकड्यांनी.

सप्टेंबरमध्ये क्वामिनांना गोळी घातली आणि त्यांचे प्रेत ‘सक्सेस’समोर साखळ्यांनी टांगले. बंडात हात असल्याच्या ठपक्यावरून फाशीची शिक्षा झालेले मिशनरी जॉन स्मिथ राजाची माफी पोहोचण्याआधीच, फेब्रुवारी १८२४ मध्ये, तुरुंगात वारले. पुढे गुलामांच्या जागी मालक जॉन ग्लॅडस्टन यांनी मागवलेले भारतीय मजूर १८३८ मध्ये कलकत्त्याहून आले.

जॉर्जटाउनमधल्या मरे स्ट्रीटचे नाव आता क्वामिना स्ट्रीट आहे.