तीन पानांची रीत

डिसेंबर १९९० मध्ये 'फेब्स लेटर्स' या नियतकालिकात पुणे विद्यापीठातील कोळसकर आणि टोणगावकर यांचा अवघ्या तीन पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रथिनाच्या साखळीतील कोणता तुकडा प्रतिपिंडे ओळखतील, हा त्यातील प्रश्न. लस किंवा निदानचाचणी तयार करणाऱ्याला हे आधी कळले, तर प्रयोगशाळेतील बराच खटाटोप वाचतो.

प्रयोगांतून सापडलेले असे तुकडे तपासताना त्यांना दिसले, की सिस्टीन, ल्यूसीन व व्हॅलीन ही जलविरोधी अमिनो आम्ले प्रथिनाच्या पृष्ठभागावर असली, तर ती अशा तुकड्यांत असण्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक आम्लाला त्यांनी एक अंक दिला. पुढची रीत शाळेतल्या सरासरीची आहे. सलग सात आम्लांच्या अंकांची सरासरी मधल्या, म्हणजे चौथ्या आम्लापुढे लिहायची आणि एक घर पुढे सरकायचे. संपूर्ण प्रथिनाची सरासरी १ किंवा अधिक असेल, तर १ हून मोठ्या सरासरीची आम्ले निवडायची. कमी असेल, तर प्रथिनाच्या सरासरीहून मोठी. निवडलेली आम्ले पुरेशी सलग आली, की तो संभाव्य तुकडा. लेखकांनी सुमारे ७५ टक्के अचूकता नोंदवली.

संगणकशास्त्रातील 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग' अशीच मांडणी करते. अक्षराचा अंक, अंकांची सरासरी, सरासऱ्यांमधून निवड, ही एकेक फलने. एकाचे उत्तर दुसऱ्याला द्यायचे, मूळ साखळी मात्र बदलायची नाही. या पंथातील 'हॅस्केल' भाषेचा पहिला अहवालही १९९० चाच, हा केवळ योगायोग.

पुढे इंग्लंडमध्ये 'एम्बॉस' हा मुक्तस्रोत आज्ञावलींचा संच तयार झाला. त्याची ओळख करून देणारा लेख २००० साली आला. त्यातील 'अँटिजेनिक' ही 'सी' भाषेतील आज्ञावली पुण्याचीच रीत वापरते आणि ती कोणालाही उघडून वाचता येते.

या उघडेपणाचे मोल २००५ साली दिसले. ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अमिनो आम्लांच्या ४८४ अंकतालिका तपासल्या, तेव्हा त्यांतील सर्वोत्तमही निव्वळ अंदाजापेक्षा किंचितच सरस ठरल्या. रीत स्पष्ट लिहिलेली असली, तरच ती अशी पारखता येते.

म्हणून आम्हांला वाटते, की जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावच्या विद्यार्थ्यालाही येथे काम आहे. आधी वीस अक्षरांची साखळी वहीत सोडवावी, मग तीच रीत फलनांत लिहावी आणि उत्तरे ताडून पाहावीत. पहिल्या तीन व शेवटच्या तीन आम्लांना सरासरी मिळत नाही, त्यांचे काय करायचे? साखळी सातांहून लहान असेल तर? चुकीची आज्ञावलीसुद्धा निमूटपणे उत्तर देते. ती चूक उघड करणारी एक छोटी चाचणी लिहून देणे, हे मुक्तस्रोत ग्रंथालयाला दिलेले खरे योगदान होय.