फसलेल्या पाठाचा वृत्तांत

आजचा आमचा विषय शिक्षकांचा. पण त्याचे उत्तर आम्ही गडचिरोलीच्या रानातील एका आरोग्याच्या हिशेबात शोधणार आहोत.

1994 साली राज्यात केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. साधारण दहा शाळांचे एक केंद्र. तेथील गुरुजींनी वेळोवेळी एकत्र बसावे, पाठ घेऊन दाखवावा, एकमेकांच्या अडचणी ऐकाव्यात, ही शिक्षण परिषदेमागील कल्पना. कल्पना उत्तम! पण अशा परिषदांचे जे वृत्तांत आम्ही चाळले, ते ‘सखोल चर्चा झाली, शिक्षकांना लाभ झाला’ एवढ्यावरच संपतात. किती गुरुजी आले, कोणता पाठ फसला, मुलांना आधी काय येत होते, याचा पत्ता नाही. भामरागडात माडिया बोलणाऱ्या मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या गुरुजीने त्यातून घ्यावे काय?

आता तो हिशेब पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात खेड्यांतल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा शिकविली. 1999 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तांत आला. काम 39 गावांत, तुलनेला 47 गावे. 1993 ते 95 नुसती मोजदाद, पुढे तीन वर्षे काम. कोणत्या वर्षी काय शिकविले, जन्ममृत्यूंची पडताळणी कशी केली, सारे लिहिलेले. अखेरच्या वर्षी हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू कामाच्या गावांत 25.5, तुलनेच्या गावांत 59.6. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही उणीवही वाचणाऱ्याला दिसते. दिसते म्हणूनच ती भरून काढता आली. बांगलादेशात सिल्हेट भागात गावसमूह चिठ्ठ्यांनी वाटून असाच प्रयोग झाला आणि 2008 साली छापला गेला. तेथील घट 34 टक्के, म्हणजे गडचिरोलीहून कमी. ती त्यांनी कमीच सांगितली!

गुरुजींचे काम याहून अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो. मृत्यू मोजता येतो. पाठ रंगला की फसला, हे कसे मोजावे? त्यातून परिषद भरविणारा आणि वृत्तांत लिहिणारा बहुधा एकच, आणि वर साहेब काय म्हणतील ही धास्ती निराळीच. तेव्हा फसलेला पाठ लिहिणाऱ्याला नोटीस येणार नाही, एवढी हमी आधी मिळाली पाहिजे. गैरहजर गुरुजींचा आकडा त्यानंतर मागावा.