डॉ. ना. भा. खरे आणि दिल्ली

३१ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने ६६ वर्षांच्या एका गृहस्थास ताबडतोब दिल्ली सोडावी आणि तीन महिने परतू नये असा हुकूम काढला. हे गृहस्थ म्हणजे हिंदुमहासभेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. नारायण भास्कर खरे.

जन्म पनवेलचा, डॉक्टरी नागपूरची. १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा खरे मुख्य मंत्री झाले. त्या काळी या पदास पंतप्रधान म्हणत. पण मराठी नागपूर आणि हिंदी महाकोशल यांचा एका मंत्रिमंडळात संसार काही जमेना. २० जुलै १९३८ रोजी खऱ्यांनी राजीनामा दिला. महाकोशलच्या तिघा मंत्र्यांनी तो देण्यास नकार देताच गव्हर्नर वायली यांनी त्यांना बडतर्फ केले आणि दुसऱ्याच दिवशी खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ उभे राहिले. काँग्रेसच्या मंत्र्यांना गव्हर्नराने काढावे, ही गोष्ट श्रेष्ठींना कशी रुचावी? २३ जुलैला खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला आणि वर्धा येथे कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले. तक्रार खरी असेल. वाट मात्र चुकलीच, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे १९४३ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात दिल्लीस होते. एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे दिवाण झाले. (अलवर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते.) त्याच वर्षी त्या संस्थानात मेवांचे भीषण हत्याकांड झाले. त्याची छाया खऱ्यांच्या कारकिर्दीवरून पुसता येत नाही. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

तर असा हा मनुष्य हुकुमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय तेव्हा संसदभवनातच भरत असे. ज्या घटनासमितीत ते काही काळ अलवरतर्फे सभासद होते, तिनेच लिहिलेल्या घटनेचा आधार त्यांनी घेतला: देशात कोठेही संचार करण्याचा व राहण्याचा नागरिकाचा हक्क. सरकारचे म्हणणे असे, की बंगालमधील दंग्यांनी वातावरण तापले असता त्यांची भाषणे जातीय द्वेष चेतवितात.

निकाल २६ मे १९५० रोजी लागला. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी, सरन्यायाधीश कानिया यांच्यासह, हुकूम वैध ठरविला. मुखर्जी आणि महाजन यांचे मत निराळे पडले. कायद्यातील निर्बंध वाजवी नाहीत, असे त्यांनी म्हटले. गंमत अशी, की पूर्व पंजाबच्या ज्या सुरक्षा कायद्याखाली ही हद्दपारी झाली, त्याचेच वृत्तपत्रांवरील पूर्वनियंत्रणाचे कलम न्यायालयाने त्याच दिवशी रद्द केले. खरे हरले, परंतु निर्बंध वाजवी आहे की नाही हे पाहताना न्यायालय केवळ कायद्याचा आशय नव्हे, तर त्याची कार्यपद्धतीही तपासील, हे तत्त्व त्यांच्याच खटल्यात मांडले गेले.

१९५२ च्या पोटनिवडणुकीत ग्वाल्हेरहून निवडून येऊन ते दिल्लीस परतले, ते लोकसभेचे सभासद म्हणून. १९५७ मध्ये राष्ट्रपतीच्या निवडणुकीसंबंधी त्यांनी पुन्हा त्याच न्यायालयाचे दार ठोठावले. तोही अर्ज फेटाळला गेला. १९७० साली त्यांचे निधन झाले.